वाडी आधी, तलाव नंतर

मंडळाच्या सावंतवाडी सहलीत तलावाच्या काठावर उभे राहून आमच्या वाटाड्याने सांगितले, "हे तळं एवढं सुंदर, म्हणून राजांनी नाव ठेवलं सुंदरवाडी." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र खटकले. २७ वर्षे बांध, सांडवे, पाणीसाठे हेच काम केल्यामुळे तळे दिसले की पहिला प्रश्न मनात येतो : हे कधी बांधले?

मोती तलावाचे साल १८७४ दिले जाते. समोरचा राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातला, म्हणजे १७५५ ते १८०३ मधला. आणि 'वाडी' हे नाव त्याहून जुने. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हे घराणे 'वाडीचे सावंत' म्हणूनच येते. तेव्हा तलावाला अजून ४८ वर्षे अवकाश होता. ज्या तळ्याचा बांध पडायचा आहे, त्यावरून गावाचे नाव कसे पडेल?

कोणी म्हणेल, तिथे आधीपासून लहानसे तळे असेल, १८७४ ला ते नीट बांधून काढले. असू द्या. पण आपल्याकडची रीत काय? डिचोली तालुक्यात मयेचे तळे आहे, तिसवाडीत करमळीचे. दोन्हीकडे गावाने तळ्याला नाव दिले, तळ्याने गावाला नाही. आणि जिथे तळ्यावरून गाव ओळखले जाते, तिथे तळे नावातच दिसते, जसे तळेगाव. 'सुंदरवाडी'त पाण्याचा एक थेंबसुद्धा नाही.

या स्पष्टीकरणाची खरी चूक पद्धतीची आहे. ते विशेषण सोडवत बसते आणि नामाकडे बघत नाही. सावंतवाडी म्हणा की सुंदरवाडी, कायम राहतो तो शब्द 'वाडी'. संस्कृत 'वाटिका' म्हणजे कुंपण घातलेली जागा, बाग, त्यातून वाडी. कोकणात वाडी म्हणजे गावाचा एक भाग, दहा-वीस घरे आणि त्यांची माडा-पोफळीची झाडे. आपण गोव्यात 'वाडो' म्हणतो तोच हा शब्द. 'सावंत' हे 'सामंत'चे रूप. सामंतांची वाडी, इतका साधा अर्थ. इतर राजांनी आपल्या राजधान्यांना पूर आणि गड जोडले. इथे राज्य वाढले तरी नाव वस्तीचेच राहिले. मला तर यात जास्त गंमत वाटते.

पेडण्याची माझी आजी "वाडीला जाऊन आले" एवढेच म्हणायची. लाकडी खेळणी आणायची ती वाडीहून. 'सावंतवाडी' हा पूर्ण शब्द तिच्या तोंडून ऐकल्याचे आठवत नाही. पोर्तुगीज कागदांत तर गावापेक्षा घराण्याचे नाव पुढे : 'बोंसुलो', म्हणजे भोसले.

आता कोणी विचारेल, एवढा कीस कशाला? कारण हा प्रश्न पेडणे-डिचोलीकरांचा आहे. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये कायमचे पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधी आपले पूर्वज वसुलीच्या, वतनाच्या, तंट्याच्या कामासाठी ज्या राजधानीकडे बघत, ती ही वाडी. पेडणे तिच्यापासून तुटल्यावर ८६ वर्षांनी मोती तलाव झाला. म्हणजे आज फोटोत दिसणारी तळ्याकाठची राजधानी आपल्या पूर्वजांनी पाहिलेलीच नाही. तलाव सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो मागे ढकलून अठराव्या शतकात नेला, की आपल्याच घराण्यांच्या आठवणींसमोर आपण चुकीचे चित्र टांगतो.

वाटाड्याला दोष देत नाही. त्याने ऐकलेले सांगितले, आणि मान तर आम्हीच डोलावली. यावर उपाय आपल्याच हातात आहे. कोणाच्या घरी वतनाचे, देवस्थानाचे किंवा देण्याघेण्याचे जुने मोडी कागद असतील, तर राजधानीचे नाव त्यात कसे लिहिले आहे ते पाहा : नुसते वाडी, सुंदरवाडी की सावंतवाडी. शब्द आणि सोबत साल, एवढे दोनच तपशील मंडळाकडे कळवा. कागद तुमच्याच घरी राहू दे.