पिशीमावशी : भयाचे हास्यात रूपांतर

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेत संस्कारमूल्यांची चर्चा विपुल झाली. अद्भुत आणि विनोद यांच्या संयोगाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. विंदा करंदीकर यांच्या 'पिशीमावशी आणि तिची दुनिया' (१९८१) या बालकवितासंग्रहात हा संयोग भुतांच्या विश्वातून साकार होतो. 'पिशी' म्हणजे वेडसर. परंतु तिला जोडलेले 'मावशी' हे नाते भयाची धार बोथट करते. जिच्यापासून मुलाने दूर पळावे, तिच्याच घरी ते हक्काने वावरते. अशा साहित्यात चित्रही केवळ सजावट राहत नाही. अंधारात अमर्याद भासणारे भूत कागदावर उतरले की त्याला आकार येतो, आणि आकार आलेल्या भयाला हसता येते.

चेटकीण ठरवून स्त्रियांचा छळ करण्यासारख्या अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला. त्यामुळे सडक अर्जुनीसारख्या वनव्याप्त तालुक्यातील वर्गात ही कविता शिकविताना एक भेद जपणे आवश्यक आहे : हसू भीतीचे व्हावे, एकाकी स्त्रीचे नव्हे. 'पिशी' हा शिक्का शीर्षकातच उरतो, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे. तथापि कायदा कृत्याला शिक्षा करतो. त्यामागील भीती बालपणीच सैल करण्याचे सामर्थ्य या कवितेत आहे. म्हणून तिची गणना केवळ करमणुकीत करणे उचित ठरणार नाही.