चार बहिणींचे घर

फिलाडेल्फियाच्या चार स्लेज भगिनींची 'वी आर फॅमिली' ही लाखांनी खपलेली ध्वनिमुद्रिका डिस्कोच्या ऐन भरात, १९७९ साली निघाली. मी ती ऐकली नाक मुरडूनच. नाचाच्या ठेक्यावर कसले कुटुंबप्रेम? त्यातून शीर्षकगीत रचले नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी, तेही या बहिणींचे वर्णन नुसते कानांवर आल्यावर. म्हणजे जिव्हाळाही उसनाच! पण धाकटी कॅथी गाऊ लागते, बहिणींचे सूर तिला येऊन मिळतात आणि माझा आक्षेप गळून पडतो. त्या सुरांत एकीचा उपदेश नाही. एका घरात वाढलेल्या गळ्यांची सवय आहे. शब्द परक्यांचे, घर मात्र त्यांचेच. वर्षानुवर्षे मी मुलांकडून 'माझे कुटुंब' हा निबंध लिहवून घेतला. तो कानांनी ऐकला इथे.