रेघ राखून

सात इंच लांब, पावणेदोन इंच रुंद आणि सव्वा इंच जाड असा पाईनच्या लाकडाचा एक ठोकळा. चार प्लास्टिकची चाकं. चार खिळे. पुठ्ठ्याच्या छोट्याशा खोक्यात एवढाच ऐवज असतो. अमेरिकेत कब स्काउटमध्ये, म्हणजे स्काउटिंगच्या लहान मुलांच्या शाखेत, जाणाऱ्या मुलामुलींच्या हातात हिवाळ्यात कधीतरी हे खोकं पडतं आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत त्यातून एक गाडी तयार होते. तिला इंजिन नाही, बॅटरी नाही, स्प्रिंग नाही. उतरत्या ट्रॅकच्या माथ्यावर ती ठेवायची आणि सोडून द्यायची. चाळीसेक फुटांचा ट्रॅक, तीनेक सेकंदांची धाव. या खेळाचं नाव पाईनवुड डर्बी.

चार वर्षं मी न्यू जर्सीतल्या एका पॅकमध्ये डेन लीडर आहे. डेन म्हणजे एका इयत्तेतल्या सहा-आठ मुलांची टोळी. अशा टोळ्यांचा पॅक होतो. लीडर बहुधा त्याच मुलांपैकी कुणाची तरी आई किंवा बाबा असतात. पगार नाही, गणवेशही स्वतःच्या खर्चानं. या कामात मी कॅम्प पाहिले, गाठी शिकवल्या, दारोदार पॉपकॉर्न विकणाऱ्या मुलांच्या मागे थंडीत उभी राहिले. पण पालकानं मुलांचं पुढारपण कसं करावं हे कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा या ठोकळ्यात जास्त नेमकं लिहून ठेवलंय, असं माझं मत दरवर्षी पक्कं होत जातं. म्हणून हा ठोकळा जरा निगुतीनं वाचायचा आहे.

या खेळाचा कर्ता स्वतः पालक-लीडरच होता. डॉन मर्फी हा कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावी पॅक 280सीचा कबमास्टर, म्हणजे पॅकचा प्रमुख. विमानं बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीत नोकरीला. त्याचा मुलगा दहा वर्षांचा. तेव्हा सोप बॉक्स डर्बीचं मोठं वेड होतं, मुलं स्वतः गाडीत बसून उतारावरून यायची, पण त्या शर्यतीत उतरायला हा मुलगा लहान पडत होता. बापानं काय केलं, तर मूल आत बसेल एवढी गाडी करायच्या ऐवजी मुलाच्या हातात मावेल एवढी गाडी केली. 15 मे 1953 रोजी गावच्या स्काउट हाउसमध्ये पहिली शर्यत झाली. ट्रॅक दोन गाड्यांचा. आणि शेवटच्या रेषेवर कोण आधी पोचलं हे कळावं म्हणून त्यानं दारावरच्या घंटीचं सामान वापरून दिवे लागायची सोय केली होती. मला या सगळ्या इतिहासात ही दाराची घंटी फार आवडते. विमानाच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसानं साहित्य निवडलं ते घरातलं: लाकूड, खिळा, घंटी. पुढच्याच वर्षी, 1954च्या ऑक्टोबरमध्ये, स्काउटांच्या ‘बॉइज लाइफ’ मासिकानं या गाडीचे आराखडे छापले आणि खेळ देशभर गेला.

आता नियम. गाडीची लांबी सात इंचांच्या पुढे जाता कामा नये, चाकांसकट रुंदी पावणेतीन इंचांपर्यंत, वजन पाच औंसांपर्यंत. ओवीला साडेतीन चरण असतात, आणि जात्यावरच्या बाईनं त्या साडेतीन चरणांत आख्खं माहेर बसवलं. पाच औंसांचं मला तसंच वाटतं. पाच औंस म्हणजे साधारण 142 ग्रॅम, एका मध्यम कांद्याएवढं वजन. वजन जितकं जास्त तितकी गाडी साधारणपणे बरी पळते, म्हणून सगळ्यांनाच बरोब्बर पाचला टेकायचं असतं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये काटा मांडलेला असतो. गेल्या वर्षी एक सात वर्षांचा मुलगा गाडी घेऊन आला. काट्यावर आकडा आला 4.6. त्यानं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी खिशातली चिल्लर काढून त्याच्या पुढ्यात ओतली आणि स्वतः दोन पावलं मागे सरकले. पोरगं एकेक नाणं काट्यावर ठेवून बघत बसलं. एक सेंट ठेवलं, आकडा जेमतेम हलला. मग क्वार्टर ठेवलं. अमेरिकेचं क्वार्टर 5.67 ग्रॅमचं, म्हणजे बरोब्बर 0.2 औंस. त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. 4.8. त्याचे डोळे मोठे झाले. दुसरं क्वार्टर. 5.0. मग त्याच्याच लक्षात आलं की चिकटवायच्या डिंकालाही वजन असणार, आणि त्यानं गाडी उलटी करून पोटावर पॉलिश पेपर घासायला घेतला. मागे रांग खोळंबली होती, पण कुणीही घाई केली नाही.

नाणी कुठे चिकटवायची, हा पुढचा प्रश्न. मागच्या चाकांच्या जवळ. कारण ट्रॅक माथ्याशी तिरका आहे, गाडीचं मागचं टोक जास्त उंचावर असतं. तिथलं वजन जास्त उंचीवरून खाली येतं. खिळ्याच्या डोक्याखाली कारखान्यातून आलेला बारीक कंगोरा असतो, तो कानशीनं काढायचा. मग खिळा गुळगुळीत करून त्यावर ग्रॅफाइटची पूड चोळायची. ही पूड बोटांच्या रेषांत जाऊन बसते. शर्यतीच्या आठवड्यात पॅकमधली मुलं तळहातांवरून ओळखू येतात.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट घडते आणि माझ्या लेखी खेळाचा गाभा तिथे आहे. मूल ठोकळ्यावर पेन्सिलनं रेघ ओढतं.

स्काउट संघटनेचा नियम असा की कब स्काउटांनी पॉलिश पेपर, हातोडी अशी साधी हत्यारं वापरावीत. विजेवरच्या करवतीला आणि ड्रिलला हात लावायचा तो मोठ्यांनीच. म्हणजे गाडीचा आकार ठरवणार मूल आणि तो कापणार मोठं माणूस. डिसेंबरातल्या एका शनिवारी आमच्या गॅरेजमध्ये बँड सॉ लावलेली असते, डेनमधली मुलं आपापले ठोकळे घेऊन रांगेत उभी असतात आणि मी एकेकाच्या रेघेवरून करवत चालवते. गॅरेजचं दार थंडीतही वर केलेलं असतं, आणि नोंदणी झालेला दुसरा मोठा माणूस माझ्याबरोबर पूर्णवेळ असतो. कुठल्याही कार्यक्रमात किमान दोन मोठी माणसं हवीत, हा नियम आहे. त्यामागे फार मोठं दुःख आहे. लहानपणी स्काउटिंगमध्ये लैंगिक अत्याचार झाले असं सांगणाऱ्या अनेक माणसांनी दावे लावले. त्या दाव्यांच्या ओझ्याखाली बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकेनं फेब्रुवारी 2020मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्या प्रक्रियेत असे 82,000हून अधिक दावे दाखल झाले. आता संघटनेचं नाव ‘स्काउटिंग अमेरिका’ आहे. मुलींसाठी कब स्काउटचं दार 2018मध्ये उघडलं. दुसऱ्यांचं मूल आपल्या हाती सोपवलं जातं तेव्हा उघडं दार आणि दुसरी नजर ही त्या मुलाचा हक्क म्हणून असायला हवी, आणि जो पालक याला कटकट म्हणतो त्यानं लीडर होऊ नये.

तर ती रेघ. माझं लहानपण नागपूरचं. महालात आमच्या घरामागे एक सुतार होते, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करायचे. फळीवर खुणेची रेघ ओढली की पोराला म्हणायचे, “रेघ राखून काप, रेघ खाऊ नको.” करवतीच्या पात्यालाही जाडी असते. पातं रेघेवरच चालवलं तर रेघ भुश्यात जाते आणि आकार तेवढा लहान होतो. पातं टाकाऊ भागाकडून चालवायचं, म्हणजे कापून झाल्यावरही रेघ लाकडाच्या कडेला शाबूत दिसते.

मुलांच्या रेघा सरळ नसतात. कुणाला शार्क हवा असतो, कुणाला बूट. एका मुलीनं पुढच्या चाकांपाशी इतकी बारीक मान काढली होती की तिथे पाव इंचही लाकूड उरलं नसतं. मी तिला तिथे बोट ठेवून बघायला सांगितलं. तिनं बोट ठेवलं, बराच वेळ विचार केला आणि रेघ तशीच ठेवली. मी कापलं. मान दुसऱ्या धावेत मोडली. तिनं ती डिंकानं जोडली, दोऱ्यानं गुंडाळली आणि तिसऱ्या धावेला गाडी हजर केली. आणखी एका मुलानं ठोकळ्याच्या कडेकडेनं चारी बाजूंनी रेघ ओढली होती. म्हणजे काहीच कापायचं नाही. त्याला स्कूल बस करायची होती. त्याचे आजोबा बस चालवत. मी ठोकळा हातात घेतला, बघितला आणि परत दिला. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं ते सर्वात चांगलं काम होतं, असं मी आजही मानते.

तान्ह्या पोळ्याचा नंदी आणि ही गाडी मी मनात नेहमी शेजारी ठेवते. दोन्ही लाकडाचे, दोघांना चार चाकं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नंदीला झूल घालून, शिंगांना बेगड लावून घरोघर न्यायचो आणि बोजारा मिळवायचो. पण नंदीच्या गळ्यात दोरी असायची आणि दोरीचं दुसरं टोक आमच्या मुठीत. आम्ही ओढू तिकडे तो यायचा. या गाडीला दोरी नाही. ट्रॅकच्या माथ्याशी खुंट्या असतात, गाड्यांची नाकं त्यांना टेकलेली असतात. एक खटका ओढला की सगळ्या खुंट्या एकदम खाली जातात. तोपर्यंत मुलाच्या हाताची, बापाच्या हाताची, माझ्या हाताची जी काही करामत आहे ती सगळी गाडीत भरून झालेली असते. खुंटी पडल्यावर कुणालाच काही करता येत नाही. महिनाभराची मेहनत आणि तीन सेकंदांची धाव हे प्रमाण पहिल्यांदा पाहणाऱ्याला अन्यायाचं वाटतं. मला त्यातच मर्फीची नजर दिसते. धाव लांब असती तर मुलांना तीच आठवली असती. इथे लक्षात राहतो तो महिना.

योगायोग असा की नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास गेलं की सिवनी लागतं. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला लांडग्यांचा कळप तिथल्याच डोंगरांतला. 1916मध्ये स्काउटिंगचा जनक बेडन-पॉवेलनं कब ही लहान मुलांची शाखा काढताना त्या कथांचा आधार घेतला, आणि लांडग्यांच्या म्होरक्याचं, अकेलाचं, नाव जगभर गेलं. इथल्या हस्तपुस्तिकेत मुलानं एखादी कामगिरी पुरी केली की मंजुरीच्या जागी अकेलाचं नाव असतं, आणि तिथे सही आई, बाबा, लीडर, जो कुणी वाट दाखवत असेल त्याची चालते. आपला रोजचा हिंदी शब्द परक्या देशात आपल्याच सहीवर मथळा होऊन बसलेला पाहिला, तेव्हा मी पेन हातात धरून थोडा वेळ थांबले होते.

खेळात दोष आहेत, ते झाकून रसग्रहण होत नाही. पूर्वीच्या पद्धतीत हरलेली गाडी बाद व्हायची, म्हणजे अर्धी मुलं पहिल्या फेरीनंतर प्रेक्षक. आता बहुतेक ठिकाणी प्रत्येक गाडी ट्रॅकच्या प्रत्येक पट्टीवरून धावते आणि वेळांची बेरीज धरतात. पट्ट्या सारख्या नसतात, त्यामुळे हेच न्याय्य. मात्र इलेक्ट्रॉनिक टायमर सेकंदाचा हजारावा भाग दाखवतो, ते मला पटत नाही. दोन गाड्या डोळ्यांना एकदम पोचलेल्या दिसतात, मुलं एकमेकांना मिठ्या मारायला निघतात आणि पडद्यावर आकडा येऊन त्यांना वेगळं करतो. मर्फीच्या दिव्यांनी एवढं खोल बघितलं नसतं.

खरा दोष मोठ्यांच्या हाताचा. टंगस्टनची वजनं, मागवून आणलेले घासलेले खिळे, दुसरीतल्या मुलाच्या नावानं आलेली आरशासारखी गाडी. यावर कित्येक पॅकनी काढलेली वाट मला मर्फीच्या कल्पनेइतकीच मोलाची वाटते: मोठ्यांची वेगळी शर्यत. तुम्हाला गाडी करायची आहे ना, करा, तुमच्या नावानं करा आणि तुमच्या शर्यतीत पळवा. आमच्याकडे ती सुरू झाल्यापासून मुलांच्या टेबलावर वेडेवाकडे रंग वाढले आहेत.

हे मी हक्कानं बोलू शकते, कारण पहिल्या वर्षी मी स्वतः रेघ खाल्ली. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिनं गाडीच्या मध्यावर एक उंचवटा काढला होता, टपासारखा. हवा कापायला तो आड येईल म्हणून मी करवत अर्धा इंच खालून चालवली. गाडी सुरेख, चपटी झाली. तिनं ती हातात घेतली, चारी बाजूंनी फिरवली, पेन्सिलची खूण शोधली. “आई, माझी रेघ कुठे गेली?” म्हणाली. मी काहीतरी सांगितलं, वेगाबद्दल. गाडी शर्यतीत दुसरी आली. ती गाडी तिनं शाळेत दाखवायला नेली नाही, खोलीतही ठेवली नाही. माझ्या हत्यारांच्या कप्प्यात ठेवून दिली.

या डिसेंबरात गॅरेज झाडताना ती तिच्या हाताला लागली. मुलगी आता चौथीत आहे. मी करवत पुसत होते. तिनं गाडी बाकावर ठेवली, फुंकर मारून तिच्यावरचा भुसा उडवला आणि मला जवळ बोलावलं. “इथून होती,” म्हणाली, आणि गाडीच्या वर अर्धा इंच, हवेत, बोटानं हळूहळू टप काढून दाखवला.