हॉटस्पॉट म्हणजे शाळेचे इंटरनेट नव्हे

शाळेतील संगणकाला इंटरनेट जोडायचे असेल तर हल्ली एक सोपी कृती सांगितली जाते. फोनवर हॉटस्पॉट सुरू करा, संगणकावर त्याचे नाव निवडा, परवलीचा शब्द टाका, झाले काम! कृती बरोबर आहे आणि जोडणी होतेही. तक्रार आहे ती या कृतीतून काढल्या जाणाऱ्या दोन निष्कर्षांबद्दल. पहिला निष्कर्ष, ‘तार नाही म्हणजे अडचण नाही’. दुसरा, ‘शिक्षकाकडे फोन आहे म्हणजे शाळेला इंटरनेट आहे’. नाशिक जिल्ह्यातील हरसूलसारख्या डोंगराळ आणि भरपूर पावसाच्या भागात हे दोन्ही निष्कर्ष तपासून पाहायला हवेत.

प्रथम पहिला निष्कर्ष घेऊ. संगणक आणि टॉवर यांच्यामध्ये एक नव्हे, दोन बिनतारी दुवे असतात. संगणक ते फोन हा पहिला दुवा. तो बहुधा २.४ गिगॅहर्ट्झच्या आसपास चालतो. म्हणजे लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर. हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी भारतात २००५ साली परवानामुक्त झाला. ब्लूटूथही याच पट्ट्यात काम करते. त्याचा वेग कमी, पण बॅटरीही कमी खर्च होते. फोन ते टॉवर हा दुसरा दुवा. त्यासाठी कंपन्यांनी परवाना घेतलेल्या ८५०, १८००, २३०० मेगॅहर्ट्झ अशा वेगळ्या वारंवारता वापरल्या जातात. फोन हा या दोन दुव्यांमधला निरोप्या.

संगणकाच्या कोपऱ्यात दिसणारे पंख्यासारखे चिन्ह फक्त पहिल्या दुव्याची ताकद दाखवते. गावातून फाट्यापर्यंत जीप लगेच मिळाली, म्हणून फाट्यावर एसटी उभी असेलच असे नाही. तसेच हे आहे. वर्गात हे सहज दाखवता येईल. हॉटस्पॉट चालू ठेवून फोनवरील मोबाइल डेटा बंद करा. संगणक ‘जोडलेला’च राहील, पण एकही पान उघडणार नाही. वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना दहा व्याख्यांपेक्षा या एका प्रयोगाने चांगले कळेल. पुढे फोन पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावा आणि काय होते ते पाहा. पत्र्याच्या छपराखाली बसणाऱ्या वर्गाला आपला फोन खिडकीत का ठेवावा लागतो, याचे उत्तर त्यात आहे.

डोंगराळ भागात खरी अडचण दुसऱ्या दुव्याची असते. मध्ये डोंगराची सोंड आली की लहरींना वळसा घेऊन यावे लागते. ८५० मेगॅहर्ट्झची लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब, तर २३०० ची सुमारे १३ सेंटिमीटर. लांब लहर अडथळ्याभोवती अधिक वळते. त्यामुळे एकाच गावात एका कंपनीचा फोन चालतो आणि दुसऱ्या कंपनीचा चालत नाही, असे घडू शकते.

पावसाबद्दलही एक गैरसमज आहे. ‘पाऊस आला की रेंज जाते’ असे आपण म्हणतो. पण पावसाचा थेंब काही मिलिमीटरचा असतो. फोनच्या लहरींपुढे तो फारच लहान, म्हणून त्या लहरींचे पावसात होणारे नुकसान नगण्य असते. मात्र टॉवरवरच्या गोल तबकड्या एका टॉवरला दुसऱ्याशी जोडतात, त्यांची वारंवारता पुष्कळदा १० गिगॅहर्ट्झच्या वर असते. त्या लहरी ३ सेंटिमीटरहून आखूड असल्याने मुसळधार पाऊस त्यांना क्षीण करतो. शिवाय वीज जाते आणि टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात. दोष बऱ्याचदा तिथे असतो, आपल्या फोनकडे येणाऱ्या लहरींत नव्हे.

आता दुसरा निष्कर्ष. थोडे गणित करू. समजा, फोनला दिवसाला १.५ जीबी डेटा मिळतो. सेकंदाला १ मेगाबिट या दराने एक तास चित्रफीत पाहिली, तर ३६०० मेगाबिट, म्हणजे ४५० एमबी खर्च होतात. अर्थात एका संगणकावर हा साठा ३ तास २० मिनिटे पुरेल. चार संगणकांवर चार वेगळ्या चित्रफिती लावल्या तर ५० मिनिटांत, जेमतेम दोन तासिका होण्याआधीच, तो संपेल. हे गणित सहावीतला विद्यार्थीही करू शकतो. योजना आखणाऱ्यांनीही ते करून पाहावे.

आणि हा फोन कोणाचा? शिक्षकाचा. रिचार्जचे पैसे त्याचे, बॅटरी त्याची, फोनमधली खासगी माहितीही त्याचीच. शिक्षक रजेवर गेला की शाळेचे इंटरनेटही रजेवर जाते. तरीही कागदावर त्या शाळेपुढे ‘इंटरनेट उपलब्ध’ अशी खूण झाली, तर खरी उणीव कधीच दिसणार नाही. आणि जी उणीव दिसत नाही, तिच्यासाठी पैसेही मंजूर होत नाहीत. माझा मुख्य आक्षेप हा आहे. अडीअडचणीला काढलेली वाट चांगलीच. पण वाटेलाच रस्ता म्हटले की रस्ता होत नाही.

दुसरे मार्ग नाहीत असे नाही. हरसूलपासून फार दूर नसलेल्या पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राम मार्ग’ या प्रकल्पात दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या वारंवारता वापरून खेडी जोडून पाहिली. त्या लहरी लांब असल्याने झाडाझुडपांतून बऱ्या जातात. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेली. ग्रामपंचायतीपर्यंत तंतू आला असेल, तर तो शाळेपर्यंत का येऊ नये, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येईल. तोवर ‘किविक्स’सारख्या मोफत साधनाने विकिपीडिया एकदाच उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवता येतो, मग वाचायला इंटरनेट लागत नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. आठवडाभर रोज ठरावीक वेळी, फोन ठरावीक जागी ठेवून, वेग मोजा आणि विद्यार्थ्यांकडून त्याचा आलेख काढून घ्या. कोणी ‘तुमच्या शाळेत इंटरनेट आहे का?’ असे विचारले, तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणण्याऐवजी तो आलेख पुढे करा.