राज्यव्यवहारकोश आणि राज्यव्यवहार

मावळातील एखाद्या जमिनीचे खरेदीखत हाती घेतले, तर त्याच्या प्रारंभीच ‘मौजे वराळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे’ अशी ओळ आढळते. या ओळीतील ‘मौजे’, ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’ हे तिन्ही शब्द मूळचे अरबी असून फारसीच्या द्वारे मराठीत आलेले आहेत. ‘खरेदीखत’ हा शब्दही त्याच वाटेने आलेला. विशेषनामे सोडली, तर या ओळीत देशी असे काहीच उरत नाही. वराळ्यापासून थोड्याच अंतरावर तळेगाव आहे. तेथील दाभाडे घराण्याचा उल्लेख मात्र आजही ‘सेनापती’ या शुद्ध संस्कृत पदानेच होतो. एकाच परिसरात जमिनीचा शब्द यावनी आणि मानाचा शब्द संस्कृत, हा विभाग आकस्मिक नव्हे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाविषयी आपल्याकडे जे मत रूढ झाले आहे, त्याची फेरतपासणी या विभागाच्या आधारे करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रूढ मत असे: शिवाजीमहाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला, त्यायोगे मराठीवरील फारसीचा पगडा दूर झाला आणि भाषा शुद्ध झाली. या मताला वि. का. राजवाडे यांच्या शब्दगणनेचा आधार नेहमी दिला जातो. राजवाड्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या तीन वर्षांतील कागद घेऊन त्यांतील फारसी शब्दांचे प्रमाण काढले. ते अनुक्रमे शेकडा सुमारे ८५, ३७ आणि ६ असे येते. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत खरे. परंतु ते तीन कालखंडांचे आकडे नसून तीन कागदांचे आहेत, ही गोष्ट त्यांचा उपयोग करणारे सोयीस्करपणे विसरतात. कागद कोणी लिहिला, कोणास लिहिला आणि कोणत्या कामासाठी लिहिला, यांवर त्यातील शब्दसंग्रह अवलंबून असतो. वसुलीची ताकीद आणि ब्राह्मणास दिलेले दानपत्र ही एकाच दिवशी एकाच कारकुनाच्या हातून उतरली, तरी त्यांतील फारसीचे प्रमाण सारखे असणार नाही. राजवाड्यांच्या थोरवीस यामुळे बाध येत नाही. मराठीत शब्दगणनेचा मार्ग पहिल्याने त्यांनी दाखविला. त्या मार्गाने पुढे जाण्याऐवजी आपण तेथेच बैठक मारली, हा दोष आपला. शिवाय १७२८ चा आकडा कोशाच्या पदरात टाकताना मधल्या पन्नास वर्षांत दरबारच बदलला, पत्र लिहिणारा आणि वाचणारा दोघेही मराठी झाले, हे कारण दृष्टीआड होते.

आता कोशाकडे वळू. राज्याभिषेक १६७४ च्या जून महिन्यात झाला आणि कोशाची रचना त्यानंतर लवकरच झाली. त्यात राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग असे दहा वर्ग असून सुमारे १,४०० शब्द आहेत. कोश संस्कृत पद्यात आहे. ज्या कारकुनाने तो वापरावयाचा, त्याच्या सोयीचे हे रूप नव्हे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे फारसी शब्दाला पर्याय म्हणून येथे येतो तो मुख्यतः संस्कृत शब्द. कुणब्याच्या बोलीतील मराठी शब्द नव्हे. कारखान्याला ‘कार्यस्थान’ म्हणावयाचे, हे वर्गाच्या नावावरूनच कळते. ज्याला आपण मराठीची शुद्धी म्हणतो, ती वस्तुतः दरबाराच्या भाषेचे संस्कृतीकरण होती. म्लेंच्छ सत्तेचा पाडाव केल्यावर राजाने पंडिताला ही आज्ञा दिली, असे कोशाच्या प्रारंभीच सांगितले आहे. हा सूर भाषाशास्त्राचा नाही, अभिषेकाचा आहे. गागाभट्टांनी जे विधीने केले, तेच हणमंत्यांनी शब्दांनी केले. छत्र, सिंहासन आणि नवी पदनामे ही एकाच समारंभाची अंगे होत. म्हणून हा कोश शब्दकोशांच्या मालिकेत न ठेवता अभिषेकाच्या साहित्यात ठेवून वाचावा, असे आम्हांस वाटते.

तसा वाचला म्हणजे त्याचे यशापयश नीट समजते. पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला, मुजुमदाराचा ‘अमात्य’, सुरनिसाचा ‘सचिव’, डबिराचा ‘सुमंत’ आणि सरनोबताचा ‘सेनापती’. ही नावे टिकली, परंतु कशी टिकली हे पाहण्यासारखे आहे. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य, तळेगावचे सेनापती: पद कुळाला चिकटले आणि प्रतिष्ठेची खूण होऊन बसले. खंडेराव दाभाड्यांना १७१७ मध्ये शाहूमहाराजांकडून सेनापतिपद मिळाले. त्यांचे पुत्र त्रिंबकराव १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत बाजीरावाविरुद्ध लढताना पडले. पुढे सैन्याची सूत्रे पेशव्यांकडे गेली, तरी सेनापती हे नाव घराण्यात राहिलेच. उलट ज्या पदांवर रोजचे काम चाले, त्यांची नावे बदलली नाहीत. फडणीस, चिटणीस, कारकून, जामदार, सुभेदार हे सर्व आपापल्या जागी राहिले. पुढे नानासारखा कर्ता पुरुष ‘फडणीस’ म्हणूनच राज्य चालविता झाला आणि त्या शब्दाच्या फारसी शेपटाने कोणाचे काही अडले नाही. बाजीरावाच्या शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ आहे, लोकांच्या तोंडी मात्र ‘पेशवा’. शिक्क्याची भाषा आणि जिभेची भाषा या दोन आहेत.

गडांच्या नावांतही हाच प्रकार दिसतो. मावळातील तिकोन्याचे ‘वितंडगड’ आणि तुंगाचे ‘कठिणगड’ असे नामकरण झाले; आज वाटाड्याला मात्र तिकोना आणि तुंगच विचारावे लागते. ‘तिकोना’ आणि ‘तुंग’ ही जुनी नावे यावनी नव्हतीच. अर्थात नाव बदलण्यामागे परकीय शब्दाचा द्वेष हे एकमेव कारण नव्हते. नव्या धन्याने आपली मुद्रा उमटविणे हेही होते. रायरीचा रायगड आणि कोंढाण्याचा सिंहगड मात्र लोकांनी स्वीकारला. महाराजांच्या प्रसिद्ध संस्कृत मुद्रेतही पित्याचे नाव ‘शाह’ या फारसी पदानेच येते. त्यात विसंगती पाहणारे आजचे आहेत. त्या काळी ती कोणास जाणवली असेल, असे वाटत नाही.

याच सुमारास इंग्लंडातही राजा, धर्म आणि भाषा यांचा असाच गुंता चालला होता. रायगडावरील अभिषेकास उपस्थित राहिलेला हेन्री ऑक्झिंडेन ज्या देशातून आला, तेथे न्यायालयांचे दप्तर लॅटिनमध्ये होते आणि कायद्याच्या ग्रंथांत नॉर्मन वळणाची फ्रेंच नांदत होती. राजाचा वध केल्यावर पार्लमेंटने १६५० मध्ये हा व्यवहार इंग्रजीत आणण्याचा कायदा केला. १६६० मध्ये राजा परत आला आणि त्याबरोबर जुनी भाषाही परतली. अखेर १७३१ च्या कायद्याने, १७३३ पासून, इंग्रजी कायम झाली. त्याही आधी सहाव्या एडवर्डचा गुरू सर जॉन चीक याने बायबलाच्या भाषांतरात ‘सेंच्युरियन’ऐवजी ‘हंड्रेडर’ आणि ‘लुनॅटिक’ऐवजी ‘मून्ड’ असे देशी शब्द घडविले. १६११ च्या राजमान्य बायबलाने ते घेतले नाहीत. चीक आणि हणमंते या दोघांत एक भेद ध्यानात ठेवावा. चीकने शब्द शेतकऱ्याच्या भाषेतून घडविला, हणमंत्यांनी पंडिताच्या भाषेतून आणला. तरीही हणमंत्यांचे ‘सचिव’ आणि ‘अमात्य’ जगले, कारण त्यांच्यामागे गादी होती आणि ती पदे धारण करणारी माणसे होती. चीकच्या शब्दांमागे केवळ चीक होता.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर शासनाचा पदनाम कोश १९६२ साली निघाला. अशा प्रयत्नांचा पूर्वज म्हणून राज्यव्यवहारकोशाचे नाव वारंवार घेतले जाते. ते घेताना जुना कोश कोठे थांबला, हे मात्र सांगितले जात नाही. नव्या परिभाषेत कलेक्टरचा ‘जिल्हाधिकारी’ झाला. त्या शब्दाचा पूर्वार्ध अरबी, उत्तरार्ध संस्कृत, आणि तो मावळात कोणालाही समजतो. ‘तहसीलदार’ तर जसाच्या तसा राहिला. या दोन्ही गोष्टी परिभाषाकारांच्या पराभवाच्या नाहीत. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश करून या शब्दांचे मूळ आणि मराठीतील बूड दोन्ही दाखविले, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे विवेचक झाले. परकीय शब्द किती खोल गेला आहे हे आधी मोजावे, मग तो काढण्याची भाषा बोलावी, हा क्रम त्यांनी पाळला.

आमच्याकडे हे मोजमाप अद्याप झालेले नाही. कोशाचा जनपदवर्ग घ्यावा आणि वराळे, इंदुरी, तळेगाव या पट्ट्यातील जुनी खरेदीखते, महजर व वाटणीपत्रे काढून त्यातला एकेक शब्द शोधावा. त्या वर्गातील किती शब्द गावच्या कागदात एकदा तरी उतरले, हे त्यावरून कळेल. आणि जे उतरले, त्यांतील किती हणमंत्यांच्या आधीच गावात होते, हेही.