दहावी पासचा शिक्का

'आडुजीवितम' मी म्हसळ्याला, मोबाईलवर, सबटायटल वाचत पाहिला. शेजारी मामू होते, सौदीत बरीच वर्षं काढून आलेले. वाळवंटात नजीबचे हाल सुरू झाले तसे माझे डोळे भरून आले. मामू गप्प. पण शेवटाकडे तुरुंगातली ओळखपरेड आली आणि ते म्हणाले, "जरा मागं घे."

नजीबला गुरांसारखं राबवणारा अरबाब त्याला ओळखतो, पण घेऊन जात नाही. कारण नजीब त्याच्या व्हिसावरचा नाहीच! बेन्यामीन यांच्या 2008 च्या कादंबरीतली ही सगळ्यात भेदक जागा. ब्लेसींच्या 2024 च्या चित्रपटात ती येते आणि पार्श्वसंगीतात वाहून जाते. वाळूवर रेंगाळणारा कॅमेरा कागदावर थांबत नाही. परदेशी कामगाराचा परवाना एकाच मालकाच्या नावाला बांधणारी 'कफाला' पद्धत मग दिसतच नाही. दिसतो तो एक दुष्ट म्हातारा आणि नजीबचं नशीब.

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या घरांत आखाताची गोष्ट कागदापासूनच सुरू होते. दहावी झाली नसेल, तर पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' लागतं आणि आखातासह 18 देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. नियम अडाणी कामगाराची फसवणूक टळावी म्हणून केलेला. वर्गात त्याचा अर्थ वेगळाच लागला: दहावी काढ, शिक्का चुकव, पुढे शिकून काय करायचंय? माझ्या बाकावरचे दोघे असेच गेले.

मराठीत हे कुठे आहे? हमीद दलवाईंच्या 'इंधन'मध्ये (1965) कोकणातलं मुस्लिम गाव आहे, पण परतणारा माणूस मुंबईहून येतो. तेलाचा पैसा त्यानंतरचा. मुंबईची मनिऑर्डर आमच्या साहित्यात मुरली; आखातातला ड्राफ्ट दारातच थांबला. त्यावरची 'इंधन'च्या ताकदीची मराठी कादंबरी मी तरी अजून वाचलेली नाही.

नाट्य कमी आहे म्हणून? सौदीने जुलै 2017 पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना 100 रियाल फी लावली, ती दरवर्षी वाढत 2020 मध्ये 400 झाली. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिना 1200. मामूंनी हिशेब केला आणि 2019 मध्ये तिघांना गावी पाठवलं. मुलगी तेव्हा सातवीत होती, जिद्दाच्या इंग्रजी शाळेत. इथे आली ती सहामाहीच्या तोंडावर, आणि पहिला पेपर मराठीचा.