दैनंदिन भेदभावाची मोजपट्टी आणि आडनाव

डेव्हिड विल्यम्स व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली दैनंदिन भेदभावाची मोजपट्टी अनादर, अपमान, निकृष्ट सेवा अशा अनुभवांची वारंवारिता व त्यामागील कारण विचारते. प्रचलित कारणसूचीत वजनाचा स्वतंत्र उल्लेख आहे, जातीचा नाही. अकोल्यातील युवकांसाठी ती जशीच्या तशी वापरणे म्हणूनच सदोष ठरते. लठ्ठपणा लपविता येत नाही. जात लपविता येते, परंतु लपविण्याची धास्ती हाच तेथे भेदभाव असतो. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतील तरुणाला जात उघड होईपर्यंत सहकाऱ्यांकडून मान मिळतो. मोजपट्टीवर हा काळ जवळजवळ कोराच राहील. खोली शोधताना ‘आडनाव काय?’ या प्रश्नापूर्वी दाटणारी भीती नोंदविणारा प्रश्न आपल्या संशोधकांनी तीत जोडणे अगत्याचे आहे.